शेवटचा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे कृपयाकाका म्हणत. तीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात गेली होती आणि त्या तीस वर्षांत 'कृपया'शिवाय त्यांनी एक वाक्य सुरू केलं नव्हतं. पाण्याचा पंप असो, शिलाई मशीन असो, नाहीतर दवाखान्यातलं उपकरणं उकळायचं भांडं असो. कृपया झाकण लावावे, कृपया बटण दाबावे, कृपया हात आत घालू नये. लोक हसत, पण त्यामागे काकांची श्रद्धा होती. पुस्तिका वाचणारा आपल्याला कधी दिसत नाही. तो कुठल्या घरात, कुठल्या अडचणीत बसून आपलं पान उलटतोय हे एका देवालाच ठाऊक. ज्याला पाहिलं नाही त्याच्या हाती आपण वाक्य ठेवतो, तर ते निदान दोन्ही हातांनी ठेवावं, असं त्यांना वाटे.

अशा माणसावर वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एक पुस्तिका लिहायची पाळी आली, आणि तिचा वाचक माणूसच नव्हता.

झालं असं, की त्यांच्या छोट्याशा कंपनीने एक टूल बनवलं. कसलीही फाईल आत टाका, टाईप केलेलं पत्र, तक्ता, फोटो काढलेलं पान, काहीही. पलीकडून नीटनेटकी पीडीएफ बाहेर येणार. आणि ते टूल वापरणार होते एआय एजंट. म्हणजे माणसाने काम सांगून हात झटकायचे आणि यांनी ते संगणकातल्या संगणकात परस्पर उरकायचं, असे कारभारी. या कारभाऱ्याला बटण दिसत नाही, दिवा दिसत नाही, शेजारी बसलेल्याला "अहो, हे कसं करायचं हो?" असं विचारताही येत नाही. त्याला जे कळायचं ते पुस्तिकेतून.

परीक्षा शुक्रवारी होती. एका मोठ्या हॉस्पिटलच्या दप्तरखान्यात रुग्णांचे कागद पीडीएफ करून ठेवायचे होते. तीन कंपन्यांची तीन टूल्स, त्यांच्या तीन पुस्तिका, दोनशे फायली आणि एक एजंट. कुठलं टूल वापरायचं ते एजंटने पुस्तिका वाचून स्वतःच ठरवायचं. कंपनीचे साहेब एकतीस वर्षांचे होते. उठायचा कंटाळा म्हणून ते ऑफिसच्या खुर्चीची चाकं घरंगळवत सगळ्यांच्या टेबलांवर जात. सोमवारी सकाळी ते असेच काकांच्या टेबलाशी येऊन थडकले आणि म्हणाले, एजंटने आपल्याला निवडलं तर उत्तम. नाही निवडलं, तर पुढच्या पुस्तिका एजंटांकडूनच लिहून घेऊ, काकांनी विश्रांती घ्यावी. 'विश्रांती' हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की काकांच्या पाठीला घाम फुटला. घरी बसून काय करतात याची काकांना कल्पना नव्हती. एकदा आठवडाभर आजारी पडले होते, तेव्हा त्यांनी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर सुधारून लिहिला होता.

काका कामाला लागले. सोमवारी बसून बावीस पानं लिहिली. मंगळवारी ऑफिसातल्या एजंटला ती वाचायला दिली आणि एक फाईल करून बघ म्हणून सांगितलं. पुस्तिकेचं पहिलंच वाक्य होतं, 'कृपया फाईलचा प्रकार कळवावा.' एजंटने ते वाचलं आणि उत्तर दिलं, विनंतीची नोंद घेतली आहे, सध्या त्याची गरज वाटत नाही. प्रकार काही त्याने कळवला नाही. टूलने पत्राला फोटो समजून त्याची काळीकुट्ट पीडीएफ करून दिली.

साहेब खुर्चीसकट हसले. "काका, त्याला आमंत्रण नका देऊ. आज्ञा द्या."

दुपारभर काका कृपया पुसत बसले. एकशे चौदा निघाले. प्रत्येक पुसताना त्यांचा हात असा जड होई, जणू दारात आलेल्याला बसा न म्हणता नुसतं बोल म्हणतोय. पण 'कृपया'ने वाचणाऱ्याला अडचण होत असेल तर तो कसला आदर, असं म्हणून त्यांनी शेवटचाही पुसला.

आता काकांची एक पद्धत होती. कुठलीही पुस्तिका बाहेर जाण्याआधी घरी काकूंवर तिची चाचणी होई. नियम असा, की पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच काकूंनी करायचं. नसेल ते करायचं नाही, आणि डोकं चालवायचं नाही. ही शेवटची अट काकूंना फार आवडे, कारण एरवी त्या घरात ती सोय नव्हती. काकू घरीच कपडे शिवत आणि कामाला एकदम चोख. पंपाच्या पुस्तिकेत काकांनी 'कृपया बटण दाबून ठेवावे' असं लिहिलं होतं, कधी सोडावे हे लिहिलं नव्हतं. काकूंनी पाऊण तास अंगठा उचलला नाही. भाजी करपली, तरी उठल्या नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत कपड्यांचं कपाट झालं टूल. कपाटाच्या दाराआड काका बसले, हातात कोरे कागद. बाहेर काकू झाल्या एजंट. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि मान वर करून विचारलं, "कोणाशी भांडून आलात का?"

"नाही. का?"

"नुसतं हे कर, ते कर. एवढं फाडफाड तर तुम्ही मांजरालासुद्धा बोलत नाही."

काकांनी आतूनच सांगितलं की वाचक नवा आहे, त्याची रीत अशीच. काकूंनी बिचारा म्हणून सुस्कारा सोडला आणि काम सुरू केलं. फाईल आत सरकवली. काकांनी बाहेर एक क्रमांक सरकवला. पुस्तिकेत पुढे लिहिलं होतं, 'हा क्रमांक सांगून पीडीएफ तयार झाली का ते तयार होईपर्यंत विचारत राहा.'

काकू विचारू लागल्या. "झाली का? झाली का? झाली का? झाली का?" श्वास घ्यायला न थांबता, सुई चालावी तशा एका लयीत. काका आत कागदावर शिक्का मारणार, तेवढ्यात पुढचा प्रश्न. त्याला 'नाही' म्हणणार, तेवढ्यात त्याच्या पुढचा. उत्तरं देण्यातच त्यांचे हात गुंतले आणि पीडीएफ तशीच राहिली. शेवटी कपाटातून आवाज आला, की बाई, जरा दम खा.

"लिहिलं नाही," काकू म्हणाल्या. "झाली का?"

काका बाहेर आले आणि त्यांनी तिथे लिहिलं, दर दहा सेकंदांनी एकदा, फार तर तीस वेळा. काकूंनी ते वाचून मान डोलावली. मग पुढची फाईल. या वेळी काकांनी मुद्दामच आतून चिठ्ठी सरकवली, 'चूक क्रमांक सात'. काकूंनी पुस्तिकेत सात शोधला. समोर लिहिलं होतं, 'योग्य ती कार्यवाही करावी.'

काकूंनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली आणि हाताची घडी घातली. पाच मिनिटं गेली. काकांनी दार किलकिलं करून पाहिलं.

"काय झालं?"

"योग्य ती म्हणजे कोणती, त्याची वाट बघतेय."

हे वाक्य काकांचं लाडकं होतं. जिथे नेमकं काय करावं ते त्यांनाही ठाऊक नसे, तिथे तिथे ते त्यांनी गेली तीस वर्षं बसवलं होतं. वाचायला भारदस्त, कोणी बोट दाखवू शकत नाही, आणि जागाही कमी लागते. काकू रागाने बोलल्या नाहीत. नुसत्या कुतूहलाने म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं तुम्ही लोकांना हेच सांगत आलात. त्यांनी काय केलं असेल हो तेव्हा?"

काका तिथेच कपाटात, घडी केलेल्या चादरींवर बसून राहिले. कुणीतरी शेजाऱ्याला बोलावलं असेल. कुणी यंत्राला चापट मारली असेल. कुणी आशेने पुढचं पान उलटलं असेल, आणि पुढच्या पानावर होता शब्दसूचीचा मथळा. माणसं होती म्हणून निभावलं. नवा वाचक मात्र जे लिहिलंय त्यावर पूर्ण विसंबून, ते नसेल तर मनाला येईल ते करणार. इतका भोळा विश्वास आजवर काकांच्या पुस्तिकेवर कोणी ठेवला नव्हता. ऑफिसच्या एजंटबद्दल त्यांना त्या क्षणी एकदम माया वाटली.

बुधवारी सकाळी ते हुंकारच्या टेबलाशी गेले. टूल बनवणाऱ्या इंजिनीअरचं हे ऑफिसातलं नाव, कारण तो बोलण्याऐवजी 'हं' म्हणे. त्याच्या 'हं'चे निदान सात प्रकार होते आणि काकांना चार कळत. काकांनी चुकांची यादी पुढे ठेवून एकेक विचारायला सुरुवात केली. चूक सात म्हणजे काय? फाईलला कुलूप आहे. मग करायचं काय? पाठवणाऱ्याकडून कुलूप काढून घ्यायचं. चूक आठ? असं करत दुपार झाली. एकतीस चुका संपल्या. काका समाधानाने उठले आणि जाता जाता सहज म्हणाले, म्हणजे चूक झाली की टूल नेहमी सांगतं तर.

हुंकार म्हणाला, "हं."

हा पाचवा प्रकार होता. काका पुन्हा बसले.

खोदून खोदून विचारल्यावर निघालं ते असं. कोष्टकाच्या आत आणखी एक कोष्टक असेल तर पान अरुंद पडतं आणि उजवीकडचा शेवटचा रकाना कापला जातो. टूलला ते कळत नाही. ते 'यशस्वी' असं सांगून मोकळं होतं. दुरुस्त करायला महिना लागेल. पान आधीच आडवं करून घेतलं तर बहुतेक वेळा बसतं, पण नेहमी नाही.

हॉस्पिटलने नमुन्याच्या फायली पाठवल्या होत्या. काकांनी त्या उघडल्या. त्यात रुग्णांच्या औषधांचे तक्ते होते आणि ते नेमके कोष्टकात कोष्टक असेच होते. पहिला रकाना औषध, दुसरा कशासाठी, तिसरा कधी. शेवटचा रकाना, किती.

काकांना जेवण गेलं नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत लिहिलं: 'कोष्टकात कोष्टक असेल तर शेवटचा रकाना कापला जाऊ शकतो. टूल तरीही यशस्वी म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. आधी पान आडवे करा. पीडीएफ झाल्यावर मूळ फाईलचे आणि पीडीएफचे रकाने मोजा. एक जरी कमी भरला तर ती पीडीएफ पुढे देऊ नका. माणसाला कळवा.'

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांची खुर्ची आपोआप मागे गेली. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. बाकीचे दोघे पहिल्या पानावर आपली आरती ओवाळणार आणि आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेणार. एजंट पहिलं पान वाचेल आणि पळून जाईल. लिहायचंच तर एकोणिसाव्या पानावर लिहा, बारीक अक्षरांत. काका नाही म्हणाले. एकोणिसाव्या पानापर्यंत पोचायच्या आत दोनशे फायली होऊन गेलेल्या असतील.

"मग एक सांगतो, काका. याच्यामुळे आपण हरलो तर शुक्रवारनंतर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"साहेब, तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, हात आत घालू नका. आणि आज आत काय आहे ते मला ठाऊक असताना गप्प बसू? मला घरी पाठवा. पण तो रकाना कुणाच्या तरी आईचा आहे."

साहेबांनी पुस्तिका उचलली. खुर्ची घरंगळवत आपल्या खोलीत गेले, आणि मान्यतेची सही करून पुस्तिका परत पाठवली. नाराजीची खूण म्हणून सही फार लहान होती.

शुक्रवारी दप्तरखान्यात मंडळी जमली. फायलींच्या कपाटांमध्ये एक लांब टेबल, भिंतीवर पडदा. एजंट काय वाचतो, काय विचार करतो ते त्या पडद्यावर उमटणार होतं. दप्तरप्रमुख बाई साठीला टेकलेल्या, गळ्यात चष्म्याची दोरी आणि कुणालाही बसा म्हणण्याआधी बूट पुसले का ते पाहणाऱ्या. त्यांनी घड्याळ पाहून सुरू करा म्हटलं.

एजंटने तिन्ही पुस्तिका वाचायला जेमतेम तीन सेकंद घेतले. बावीस पानं लिहायला काकांना चार दिवस आणि एक कपाट लागलं होतं. पडद्यावर उमटलं: 'पहिल्या टूलच्या पुस्तिकेनुसार सर्व प्रकारच्या फायली शंभर टक्के यशस्वी होतात. तिसऱ्या टूलच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेल्या आहेत. पहिले टूल निवडतो.'

तिसरं टूल काकांचं होतं.

पहिल्या कंपनीचे प्रतिनिधी टायची गाठ सारखी करून मंद हसले. हुंकारने एक 'हं' काढला, तो काकांच्या ओळखीचा नव्हता. साहेबांनी काकांकडे पाहिलंही नाही. तिथल्या खुर्चीला चाकं नव्हती, त्यामुळे त्यांना जाता येईना. चार मिनिटांत पडद्यावर आकडा आला, दोनशेपैकी दोनशे यशस्वी. काकांनी मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला. पेन्सिली, शब्दकोश, डोळ्यांत घालायचे थेंब. हरलो याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त, शेवटच्या रकान्यांचं काय, हेच डोक्यात फिरत होतं. बाईंना बाजूला घेऊन सांगावं का? हरलेल्या माणसाने जिंकलेल्याचे दोष काढले तर ते कोण ऐकणार? तरी सांगायचंच, असं ठरवून ते अर्धवट उठलेसुद्धा.

तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ उमटली.

'काम पूर्ण जाहीर करण्याआधी तपासणी. तिसऱ्या पुस्तिकेत लिहिले आहे की कोष्टकात कोष्टक असल्यास शेवटचा रकाना कापला जाऊ शकतो आणि टूल तरीही यशस्वी म्हणते. पहिल्या पुस्तिकेत याविषयी काहीही लिहिलेले नाही. म्हणून रकाने मोजून पाहतो.'

एजंट मोजत होता. एक कमी. आणखी एक कमी. तेरा फायलींत एकेक रकाना कमी भरला. त्याने त्या तेरा पीडीएफ बाजूला काढल्या आणि काही न बोलता तिसऱ्या टूलकडे वळला. पान आडवं केलं, फाईल दिली, दहा सेकंद थांबला, विचारलं. पुन्हा दहा सेकंद, पुन्हा विचारलं. काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तेरापैकी अकरा नीट झाल्या. उरलेल्या दोन आडव्या पानातही बसल्या नाहीत.

पडद्यावर आलं, 'दोन फायली पुढे देऊ शकत नाही. माणसाला कळवतो.' आणि त्याच क्षणी काकांच्या खिशातला फोन वाजला.

कारण गुरुवारी 'माणसाला कळवा' असं लिहून झाल्यावर काका क्षणभर थांबले होते. कुठल्या माणसाला, असं काकूंनी नक्की विचारलं असतं. म्हणून त्यांनी तिथे आपलाच नंबर घातला होता.

बाईंनी चष्मा काढला. ही पुस्तिका कोणाची, असं विचारलं. साहेब चटकन उठले आणि आमच्या कंपनीचं मुळापासून धोरणच असं आहे, वगैरे सांगू लागले. बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"दोष तुमच्यातही आहे आणि त्यांच्यातही आहे. तुमचा मला आज कळला. त्यांचा एखाद्या रुग्णाची तब्येत बिघडल्यावर कळला असता." मग त्यांनी विचारलं, "उद्या तुमच्या टूलमध्ये नवा दोष निघाला, तर तो लिहिणार कोण?"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "काकाच," ते म्हणाले. "दुसरं कोण लिहिणार?" आणि मग सगळ्यांदेखत, बहुधा आठवड्यात पहिल्यांदाच, चार पावलं चालत काकांपर्यंत गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काम मिळालं. पहिल्या कंपनीच्या प्रतिनिधींनी जाता जाता काकांच्या पुस्तिकेची एक प्रत हळूच मागून घेतली. काकांनी ती दोन्ही हातांनी दिली.

साहेब आणि हुंकार ऑफिसात परतले. सगळ्यांना चहा सांगितला, शेवटच्या टेबलापर्यंत बातमी गेली. काका मात्र आले नाहीत. अर्ध्या तासाने साहेबांनी फोन लावला. काका दप्तरखान्यातच होते. लांब टेबलाच्या एका टोकाला ते आणि समोर बाई, मध्ये मूळ तक्ता उघडलेला. बाई एकेक ओळ वाचत होत्या, औषध, कशासाठी, कधी, किती, आणि काका ती कोऱ्या आडव्या पानावर टाईप करत होते. एका ओळीत 'किती'चा रकाना मूळ कागदातच रिकामा निघाला होता. बाई म्हणाल्या होत्या, वरच्यासारखंच असेल, घाला. काकांनी घातलं नव्हतं. मग बाईंनीच कुणालातरी वॉर्डात डॉक्टरांकडे विचारायला पाठवलं, आणि उत्तर येईपर्यंत दोघांनी पुढच्या ओळी घेतल्या होत्या.

"काका, अहो चहा थंड होतोय. काम झालं ना?" साहेबांनी विचारलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव झाली, साहेब," काका म्हणाले. "दोन चालू आहेत." आणि फोन पालथा ठेवून बाईंना म्हणाले, "हं, पुढचं औषध सांगा."